मोरीवरचं सोयाबीन

रिटायर झाल्यापासून लग्नकार्यात मला कुणी तब्येत विचारत नाही. पंगत बसलेली असते, वरण-भात वाढून झालेला असतो, आणि शेजारचा कुणीतरी पाहुणा मांडी माझ्याकडे वळवून हळूच विचारतो, "शेषेराव, खरं सांगा बरं, हा टोल बरोबर हाय का?" पाचजण जेवायचे थांबतात. जणू नांदेडपासून लातूरपर्यंतचा सगळा टोल मीच घरी नेला. मी म्हणतो, "आधी बुंदी येऊ द्या." बुंदी येते, पण प्रश्न काही जात नाही. म्हणून यंदा दिवाळी अंकवाल्यांनी लिहायला सांगितलं तेव्हा मनात म्हटलं, एकदाच कागदावर उत्तर देऊन टाकू. पुढच्या लग्नात निदान सुखानं जेवता येईल.

मी नांदेड-लातूर भागातल्या एका टोलरस्त्यावर नोकरी केली. कंपनीचं आणि नाक्याचं नाव लिहीत नाही. पेन्शन नाही आणि वकील लावायची ऐपतही नाही. पहिली काही वर्षं खिडकीत बसून पावत्या फाडल्या आणि पुढची सगळी वर्षं गस्तीच्या गाडीत काढली. टोल म्हटलं की लोकांना आडवा दांडा तेवढा दिसतो. पण त्या दांड्यामागे तीन कामं असतात. एक वसुली. दुसरी गस्त, म्हणजे दिवसभर रस्त्यावर येजा करून मेलेली जनावरं उचलायची, फुटलेल्या टायरचे तुकडे गोळा करायचे, बंद पडलेल्या ट्रकला क्रेन बोलवायची, अपघात झाला तर रुग्णवाहिका आणायची. आणि तिसरी दुरुस्ती. वापरणाऱ्यांनी पैसे द्यायचे आणि घेणाऱ्यांनी रस्ता नीट ठेवायचा, एवढाच तो करार. यातला पहिला भाग कधी चुकत नाही. भांडणं होतात ती दुसऱ्या भागावरून.

खिडकीतल्या दिवसांचे किस्से लिहायचे तर अख्खा अंक लागेल. "मी कोण आहे म्हाईत हाय का?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला, की पुढे पुढे मी मनापासून म्हणायचो, "न्हाई हो, सांगा." निम्मे लोक तिथेच गडबडायचे. फास्टॅग नवा आला तेव्हा जळकोटकडचा एक शेतकरी जीप घेऊन आला. काचेवर टॅग नाही. विचारलं तर म्हणाला, घेतलाय की. मग कुठे आहे? "घरी पेटीत. बायकोच्या डागिन्यात ठेवला. त्यात पैशे हायत म्हनले बँकवाले. मंग काचंवर कसा लावू? कुनी खरडून नेला म्हंजे?" मागे वाहनांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते, आणि मला त्याचं म्हणणं चुकीचं कुठे आहे ते सांगता येईना.

पण मनात घर करून राहिला तो रेणापूरकडचा एक म्हातारा. बैलगाडीला टोल नसतो. हा मात्र गाडी भर लेनमध्ये उभी करून पावतीसाठी अडून बसला. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला माफ आहे, जावा." तो म्हणाला, "समद्यांला चिठ्ठी दिली, मंग मला कामून न्हाई? हा रस्ता माजा न्हाई का?" शेवटी मी एका कागदावर 'बैलगाडी, बैल दोन, टोल माफ' असं लिहून शिक्का मारून दिला. त्यानं तो घडी करून पटक्यात खोवला आणि राजासारखा निघून गेला. तेव्हा मी हसलो होतो. पावती म्हणजे रस्त्यावरचा हक्क, हे त्या म्हाताऱ्याला माझ्याआधी कळलं होतं.

तसं मला ते घरीच कळायला हवं होतं. माझे वडील, भानुदास, बांधकाम खात्यात मैलकुली होते. आताच्या पोरांना हा शब्द माहीत नसेल. रस्त्याचा एक तुकडा एका माणसाच्या नावावर असायचा आणि त्या तुकड्यावरचं सगळं काम त्यानं करायचं. खड्डा पडला की मुरूम टाकून धुम्मसानं ठोकायचा, आणि पावसाळ्याच्या आधी कडेच्या चरांतला गाळ काढायचा, कारण रस्त्याचा खरा वैरी पाणी. वडील अनवाणी चालायचे. कुठे जमीन पोकळ झाली ते त्यांना तळपायाला कळायचं. खड्डा राहिला तर एसटीचे ड्रायव्हर म्हणायचे, "हा भानुदासचा खड्डा." बाजारात वडिलांना गाठून विचारायचे, "काय भानुदास, खड्डा पोसून राहिला का?" वडील लाजेनं दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत घमेलं घेऊन निघायचे. त्या रस्त्याला टोल नव्हता, पण खड्ड्याला नाव होतं.

आमच्या कंपनीच्या रस्त्यावर सगळं काही होतं. क्रेन होती, कॅमेरे होते, पट्टे आखायचं यंत्र होतं. फक्त खड्डा कुणाचा, ते कुणालाच सांगता यायचं नाही.

आता मुद्द्याचं सांगतो. आमच्या नाक्यापासून थोड्या अंतरावर धानोरवाडी नावाचं गाव आहे. गावाच्या अलीकडे ओढ्यावर एक बुटका पूल आहे. आम्ही त्याला मोरी म्हणतो. दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीन निघालं, की आमच्या गस्तीवाल्यांचं आणि गावांचं भांडण सुरू व्हायचं. मळणी झालेल्या सोयाबीनला ओल असते. ओला माल आडतीवर नेला तर भाव पाडतात. म्हणून दोन दिवस ऊन द्यावं लागतं, आणि डांबरासारखं तापणारं अंगण कुणाकडेच नसतं. त्यामुळे अर्धा रस्ता सोयाबीननं पिवळा. वर वाहनं जाऊ नयेत म्हणून भोवतीनं धोंडे. संध्याकाळी सोयाबीन पोत्यात जातं आणि धोंडे रस्त्यावरच राहतात. त्या धोंड्यांवरून पडलेली माणसं मी स्वतः उचललेली आहेत, त्यामुळे मी या बाबतीत कडक होतो आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

धानोरवाडीच्या बायकांची म्होरकी गयाबाई. पन्नाशीची, उंच, डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी आणि आवाज असा, की ट्रकवाल्यानं हॉर्न बंद करावा. तिचा मुलगा दत्ता रोज सकाळी मोटारसायकलला दुधाचे कॅन लावून मोरीवरून डेअरीला जायचा. गयाबाई दरवर्षी मोरीजवळ सोयाबीन घालायची. तिथे रस्ता जरा रुंद आहे, वाहनं हळू होतात, म्हणून मी थोडी डोळेझाक करायचो. एका वर्षी बघतो तर तिनं मोरी सोडून पुढच्या सरळ पट्ट्यावर पसारा मांडलेला. तिथे गाड्या भन्नाट जातात. मी गाडीतून उतरून ओरडायला लागलो.

"गयाबाई, हे उचला. तुमची जागा मोरीजवळ. तिथं मी कधी बोललो का?"

"तिथं न्हाई घालत आता, सायेब."

"का?"

"तिथं रस्ता दाने खाऊन राहिला."

मला वाटलं ही बाई माझी चेष्टा करते आहे. "रस्ता दाणे खातो?"

"हाव. झाडून घेतलं तरी पायलीमागं ओंजळ कमी भरतंय. भेगा पडल्या तिथं, बारीक. तुमाला गाडीतून दिसायच्या न्हाईत."

मी तिला दोन शब्द सुनावले, सुपली-खराटा उचलायला लावला आणि हातानं मोरीकडे बोट दाखवलं. ती गेली नाही. सगळं भरून घराच्या मातीच्या धाब्यावर, छतावर नेलं. मी नाक्यावर येऊन चहा पिताना हा किस्सा सगळ्यांना रंगवून सांगितला. 'रस्ता दाणे खातो' हे वाक्य महिनाभर आमच्या हापिसात चाललं. कुणाचा डबा कमी भरला तरी म्हणायचे, रस्त्यानं खाल्ला.

मैलकुल्याचा मुलगा मी. एकदा तरी खाली वाकून बघायला हवं होतं. चार पावलांवर तर मोरी होती.

भेगांचं गणित सोपं आहे, सांगून टाकतो. डांबर म्हणजे रस्त्याचं छप्पर. छपराला बारीक चिरा पडल्या की पावसाचं पाणी आत उतरतं. खालची गिट्टी आणि माती भिजते, पोकळ होते आणि एक दिवस वरचं सगळं बसतं. मोरीच्या भिंतीलगतचा भराव तर आधीच कच्चा असतो. चिरा वेळेवर डांबरानं भरल्या तर काम थोडक्यात आटोपतं. नाही भरल्या तर पुढे अख्खा तुकडा चौकोनी कापून, खणून, परत बांधावा लागतो. आमच्याकडे रस्त्याचे हादरे मोजणारी गाडी वर्षातून यायची. तिनं मोरीला पास केलं होतं, कारण बारीक चिरांवरून गाडी हादरत नाही.

पुढच्या पावसाळ्यात, संततधार लागलेली असताना, एका सकाळी मोरीच्या लातूरकडच्या बाजूचा रस्ता वीतभर खाली बसला. पहिला त्यात गेला तो दत्ता. मी पोचलो तेव्हा पाण्यात दूध पसरलेलं होतं आणि दत्ता मांडी धरून बसला होता. पाय मोडला होता. आमची रुग्णवाहिका लगेच आली, फुकट आली, त्याला नीट स्ट्रेचरवर घेऊन लातूरला नेलं. पंगतीतल्या पाहुण्यांनी इथे जरा घास थांबवावा. टोलच्या रस्त्यानं पाय मोडला आणि टोलच्याच गाडीनं दवाखान्यात पोचवलं. आता सांगा, टोल बरोबर की चूक? मला त्या सकाळी दोन्ही उत्तरं खरी वाटली, पण मन अडकलं होतं ते निराळ्याच गोष्टीत. गावातून धावत आलेली गयाबाई त्याच्यासोबत चढली, आणि मी रुग्णवाहिकेचं दार लावताना तिनं माझ्याकडे पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी धानोरवाडी नाक्यावर आली. बायका, माणसं, दोन ट्रॅक्टर. दांडे वर करून ठेवले आणि घोषणा सुरू. 'आदी रस्ता, मंग टोल.' आमचे देखभाल मॅनेजर राव साहेब, तेलंगणातले, माणूस वाईट नव्हे पण कागदाबाहेर पाऊल टाकायचे नाहीत. त्यांनी मला आत बोलावलं. तक्रारवही टेबलावर उघडी होती.

"शेषेराव, वहीत मोरीबद्दल एकही तक्रार नाही. बाहेर जाऊन तेच सांगा. तक्रार आली असती तर आम्ही दुरुस्त केलं असतं. बस."

वहीत तक्रार नव्हती, हे खरंच होतं. गयाबाईला लिहिता येत नाही आणि मी लिहिली नव्हती. माझ्या मुलीचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात ठरलेलं होतं आणि नोकरी कंत्राटी. राव साहेबांनी वहीवर बोट ठेवलेलं, आणि मी बाहेर आलो.

गर्दीनं वाट दिली. गयाबाई समोरच उभी होती. ती माझ्याकडे न बघता गावाला म्हणाली, "ह्या सायेबाला म्या सांगितलं होतं. दसऱ्याच्या टायमाला. इचारा त्यास्नी."

मागे काचेतून राव साहेब बघत होते. मला एकदम वडील आठवले, बाजारात मान खाली घालून उभे असलेले. कुणी म्हणेल धाडस केलं. धाडस कसलं, खोटं बोलायला तोंडच उघडेना.

"हाव," मी म्हटलं. "सांगितलं होतं. मी हसलो. वहीत लिवलं न्हाई. चूक माझी हाय."

मला वाटलं आता मार बसतो. एक-दोघं पुढे आलेही. गयाबाईनं हात आडवा केला.

"मारून काय पाय जुळनार हाय का? बरं झालं, खरं बोलला. आता ऐका. गावाला टोल माफ करा म्हनून आलेत हे समदे. मी न्हाई तसं म्हनत."

गाव चमकलं. एकजण म्हणाला, "गयाकाकू, हे काय?"

"फुकट घेतलं तर उद्या काय तोंडानं बोलायचं? टोल घ्या. पर मोरी बांदून झाल्यावर म्या तिथं सोयाबीन घालून बगनार. दाना अडकला तर परत बांदायची. आन हे दर साली. कबूल हाय का, बोला."

राव साहेब बाहेर आले तेव्हा त्यांना हे समजावून सांगायला मला दहा मिनिटं लागली. त्यांच्या आयुष्यात अशी अट कुणी घातली नव्हती. पण गावाला टोल माफ करण्यापेक्षा ही अट त्यांना सोपी वाटली आणि त्यांनी मान हलवली. मला संध्याकाळी मेमो मिळाला. तो अजून ठेवलाय, मुलीच्या लग्नपत्रिकेसोबत, कारण नोकरी काही गेली नाही.

पाऊस उघडल्यावर मोरीचं काम झालं. चौकोनी कापून, भराव काढून, थर दाबत दाबत. मी रोज जाऊन उभा राहायचो. कामगार वैतागले, पण माझी लाज अजून ताजी होती. मग दसऱ्यानंतर एका दुपारी परीक्षा ठरली. ज्या माणसानं सतत लोकांचं सोयाबीन रस्त्यावरून हाकललं, त्यानं त्या दिवशी नारिंगी कोन मांडून, लाल झेंडा धरून, अर्धा महामार्ग सोयाबीनसाठी मोकळा करून दिला. ट्रकवाले मान बाहेर काढून बघत होते. एकानं विचारलं, "काय पूजा हाय का?"

गयाबाईनं दोन पायल्या सोयाबीन मोजून आणलं होतं. दत्ता काठी टेकत आला होता. तिनं कडेला चप्पल काढली, नव्या डांबरावर पाय ठेवला आणि मागे वळून राव साहेबांच्या बुटांकडे पाहिलं.

"सायेब, ते काडा."

"काय?"

मी म्हटलं, "सर, दाणे घालायचे म्हणजे ते खळं झालं. खळ्यावर पायताण घालून जात नाहीत."

राव साहेबांनी आधी माझ्याकडे, मग भर दुपारच्या डांबराकडे पाहिलं. मग कडेच्या दगडावर बसून बूट काढले, मोजे काढले. आम्ही सगळे आत उतरलो. राव साहेब एकदा या पायावर, एकदा त्या पायावर असे नाचायला लागले, तशा बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी हसलो नाही, कारण मीही नाचतच होतो. गयाबाई मात्र घरात फिरावं तशी फिरत होती. तिनं सोयाबीन पसरलं, पायानं रेघा ओढत पातळ केलं, ऊन लागू दिलं. आम्ही बाभळीखाली जाऊन चहा प्यायलो. मग तिनं शिंदोळीच्या खराट्यानं एकेक दाणा ओढला आणि पायली भरली. पहिली शिगोशीग भरली. दुसरी बोटभर कमी.

आम्ही सगळे गुडघ्यावर. दाणे सापडले ते जुनं डांबर आणि नवं डांबर जिथे मिळतं त्या सांध्यात. एका सरळ ओळीत, पेरल्यासारखे. गयाबाई म्हणाली, "शिवन उसवली हाय तुमची." राव साहेबांनी बोटानं सांधा चाचपला. पावसाचं पाणी पहिल्यांदा तिथूनच आत गेलं असतं. त्यांनी लगेच कामगारांना हाक मारली, डांबराचा डबा मागवला आणि सांधा समोर भरून घेतला. अनवाणीच उभे होते. परत जाताना गाडीत तळव्याला फुंकर घालत म्हणाले, "शेषेराव, हे रिपोर्टमध्ये लिहायचं कसं?" मी म्हटलं, "सर, लिहूच नका. दरवर्षी करत जाऊ." तसं केलंही. राव साहेबांची बदली होईपर्यंत ते स्वतः यायचे, बूट काढायचे.

त्यानंतर मी गस्तीच्या गाडीत सोयाबीनचा एक स्टीलचा डबा आणि हातझाडू ठेवायला लागलो. कुठे शंका आली की मूठभर पसरायचं, झाडायचं, बघायचं. नाक्यावरचे मला 'सोयाबीन सर' म्हणायचे. कधी कधी काहीही सापडायचं नाही आणि मागून येणारा जीपवाला विचारायचा, काय सांडलं का काका? पण बऱ्याच चिरा पावसाआधी भरल्या गेल्या. कुणाचे पाय वाचले ते मोजता येत नाही, तरी त्या वर्षांचं मला समाधान आहे. सोयाबीन रस्त्यावर वाळवायचं मात्र त्यानंतर मी शेवटपर्यंत चालू दिलं नाही, मोरीजवळही नाही. वर्षातून एक दुपार, दोन पायल्या, कोन मांडून. बाकी दिवशी गयाबाईचं आणि माझं भांडण ठरलेलं, आणि दिवाळीला तिच्याकडचा अनारशांचा डबाही ठरलेला. त्या काळात कधीतरी मी 'सायेब'चा 'भाऊ' झालो.

तर पाहुणे, टोल बरोबर आहे का? माझं मत असं. टोलच्या रस्त्यावर गवत कापलेलं असतं, पट्टे पांढरे असतात, बंद पडलात तर क्रेन येते. जे फोटोत दिसतं ते चांगलं ठेवतात, हे मी आतून सांगतो. जे वाकल्याशिवाय दिसत नाही ते राहून जातं. पैसे देण्याबद्दल माझ्या अंदाजानं लोकांची तेवढी तक्रार नाही. पैसे दिल्यावर कुणाला धरायचं ते कळत नाही, हे दुखणं आहे. पूर्वी हातात पावती तरी यायची. आता 'टुंग' असा आवाज येतो आणि दांडा वर जातो. आवाजाला काय विचारणार?

आणि आता शेवटचं. मी रिटायर झालो, हार-नारळ झाला, नांदेडला मुलाकडे राहायला आलो. यंदा दसऱ्यानंतर फोन वाजला.

"भाऊ, मोरीवर दाना अडकला."

"गयाबाई, आता मी रिटायर झालो. नाक्यावर सांगा ना."

"तिथं कुनाला सांगू? समदी नवी हायत. नंबर लावा म्हनतेत, नंबरवर बाई हिंदीत बोलती." मग जरा थांबून म्हणाली, "रिटायर तुमी झालात. रस्ता झाला का? दत्त्या रोज जातोय तिथून. आता त्याची पोरगीबी मागं बसती शाळेला."

दुसऱ्या दिवशी मुलाची गाडी घेऊन निघालो. सूनबाई म्हणाली, "बाबा, अजून ड्युटीवर आहात का?" मी तिच्याच डब्यातलं सोयाबीन मागून घेतलं. नाक्यावर 'टुंग' झालं. आयुष्यात पहिल्यांदा मी टोल भरणारा म्हणून आत गेलो आणि तक्रारवही मागितली. देखभालीला नवीन इंजिनिअर आली होती, किनवटकडची मुलगी, वसतिगृहात राहून शिकलेली, हेल्मेट काखेत. मी लिहिलेलं वाचून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काका, 'मोरीच्या लातूरकडच्या बाजूला दाणा अडकतो' म्हणजे काय?"

ती हसली नाही. एवढंच मी बघत होतो.

"चला," म्हटलं, "दाखवतो."

भेगा पुढे आठवड्याभरात भरल्या गेल्या, ते आत्ताच सांगून टाकतो. पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं. मोरीवर गयाबाई पायली घेऊन बसलेली होती. आता केस सगळे पांढरे झालेत. कोन मांडले. मी चपला काढून कडेला ठेवल्या. त्या इंजिनिअर मुलीनं माझ्या पायांकडे पाहिलं, गयाबाईच्या पायांकडे पाहिलं, आणि कुणी सांगायच्या आत बुटांच्या नाड्या सोडायला लागली. डांबरावर पाय ठेवताच, "आई गं, तापलंय किती!" म्हणून ओरडली, पण मागे सरली नाही. सोयाबीन पसरलं, झाडलं. मग ती दोन्ही हात टेकून खाली वाकली आणि नखानं एक दाणा भेगेतून उकरून काढला. त्याच्या शेजारी दुसरा होता.

गयाबाई तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसली.

"तुजं नाव काय, माय?"

"स्नेहल."

गयाबाईनं ते नाव दोनदा पुटपुटून पाठ केलं. मग त्या भेगेवर बोट ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, "ध्यानात ठिवा भाऊ, आजपासून ही स्नेहलची भेग."